ताटावरचं नाव

मावशींच्या संस्थेत मूल असं एकही नव्हतं. होते ते सगळे मेंबर. सरकारी अर्जात जी 'लाभार्थी' होती, देणगीदारांच्या भाषणात 'निष्पाप बालकं' होती आणि दवाखान्यात केसपेपरचे नंबर होती, ती एचआयव्हीची चौदा पोरं मावशींच्या तोंडी शेवटपर्यंत मेंबरच राहिली. याचं कारण फार उदात्त नव्हतं. संस्था काढायच्या आधी सतरा वर्षं त्यांनी साजगावच्या कारखान्यांजवळ खानावळ चालवली होती आणि रोज आपल्याकडे जेवणाऱ्या माणसाला दुसरा कुठला शब्द असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. खानावळीत मेंबर एखाद्या दिवशी जेवायला आला नाही की त्याला खाडा म्हणतात. एखादं मूल दवाखान्यात भरती असलं आणि कुणी त्याची चौकशी केली, की मावशी सांगत, "तो खाड्यावर हाय. शनवारी येनार."

मी त्यांचा जुना मेंबर. देशावरून नोकरीसाठी आलेला, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. मावशी मला पहिल्या दिवसापासून 'केमिस' म्हणत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण त्याची त्यांना कधी गरज पडली नाही.

दिसायला त्या ठेंगण्या, रुंद, गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं नेसलेल्या. हातात कायम भाताचा डाव, तो बोलताना समोरच्याच्या नाकापर्यंत यायचा. नवरा फार पूर्वी गेला होता. त्याच्याविषयी त्यांच्याकडून मी एकच वाक्य ऐकलं, "मानूस बरा व्हता, जेवायचा बेताचाच." माणसं ओळखायची त्यांची रीतही तीच होती. कोण कसा जेवतो यावरून त्या त्याचा स्वभाव ठरवत, आणि एकदा ठरवला की देवानं सांगितलं तरी बदलत नसत. भात चिवडणारा भांडकुदळ. आमटीत आधी बटाटा शोधणारा आपमतलबी. दुसऱ्यांदा भात मागणारा माणूस भरवशाचा, कारण त्याला लाज नसते आणि लपवाछपवीही नसते. पुढे ट्रस्ट करायची वेळ आली तेव्हा सात माणसं लागत होती. एक टेंपोवाला, एक चहावाला, एक निवृत्त हेडमास्तर असे सगळे दोनदा भात मागणारे लोक त्यांनी जमवले. मी भात कमी खाणारा. तरी मला सचिव केलं, कारण अर्ज लिहायला आणखी कुणी तयार नव्हतं.

संस्थेच्या नावावरूनही आमचं वाजलं होतं. मी चार-पाच नावं काढून नेली होती. प्रत्येकात प्रकाश तरी होता नाहीतर सुगंध तरी. मावशींनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ही काय रं, अगरबत्तीची नावं हायती? खानावळ लिव." मी त्यांना समजावलं की धर्मादाय संस्थेला खानावळ म्हणता येत नाही. "का? धर्मादायवाली मान्सं जेवत नाय का?" शेवटी कागदावर एक नाव घातलं. ते मावशींनी कधीच उच्चारलं नाही आणि मलाही आता आठवायला जरा वेळ लागतो.

या सगळ्याची सुरुवात एका टँकरवाल्यापासून झाली. तो कुंभिवलीला हायवेच्या कडेला गाडी लावून मिळेल त्या टेंपोनं जेवायला यायचा. भात तीनदा मागायचा, म्हणून मावशींचा लाडका. एका वर्षात तो वाळत गेला. आधी तिसरा भात बंद झाला, मग दुसरा. मावशी त्याच्या ताटाकडे बघत राहायच्या. बायको आधीच गेली होती. तोही गेला, तेव्हा मागे एक मुलगी आणि एक मुलगा उरले, पोशीरच्या बाजूला एका वस्तीवर मामाच्या घरी.

मावशींनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि सोळाव्या दिवशी पाच खणी डबा भरला. तो धरायला मला बरोबर घेतलं. घर सापडलं तेव्हा पोरं गोठ्याच्या पडवीत होती. पेंढ्यावर गोधडी, बाजूला एक जर्मनची थाळी आणि एक पेला. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन. मामी दारातच उभी राहिली, पुढे आली नाही. मामा खाली मान घालून म्हणाला, "मावशे, आमालाबी ल्हान पोरं हायती. डागदर सांगतो काय होत नाय, पन मन मानत नाय." तो माणूस वाईट नव्हता. हे मी तेव्हाही मनात म्हणालो आणि आजही म्हणतो.

मावशींनी पडवीत पोरांच्या शेजारी बसकण मारली, डबा उघडला, त्या जर्मनच्या थाळीत भात आणि सुकटीचं कालवण घातलं, आणि एक घास पोरीला, एक पोराला, एक स्वतःला, असं करत थाळी संपवली. मग उठल्या. "यांचा बाप माजा मेंबर व्हता," त्या मामाला म्हणाल्या. "आता ही दोगं. नेते मी." मुलीचं नाव चंदा. तिनं जाताना एकच विचारलं, भाऊ पण येणार ना. तो येत असेल तरच ती उठणार होती.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. एचआयव्ही दोघांनाही होता. डॉक्टरांनी मावशींना समजावलं की औषध रोज, ठरल्या वेळी, जन्मभर, सकाळी आठला आणि रात्री आठला. एकही गोळी चुकली तर पंचाईत. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "सतरा वर्सांत माज्याकडं कुनाचं जेवन चुकलंय का ते विचारा या केमिसला." चुकलं नव्हतं. गोळ्याही चुकल्या नाहीत. गोळी त्यांच्या लेखी चटणीसारखी तोंडी लावायची वस्तू होती आणि ती ताटात डाव्या बाजूलाच वाढायची. पुढे त्याच डॉक्टरांनी एकेक करत आणखी मुलं पाठवली. दवाखान्याला जेवढा विश्वास मावशींच्या घड्याळावर होता तेवढा आमच्या ट्रस्टवर कधीच नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पोरं खानावळीत आली तेव्हा आम्ही बारा मेंबर होतो. आठवड्यात पाचजण गेले. कुणाची ड्यूटी बदलली, कुणाला अचानक पोटाचा त्रास सुरू झाला. मी गेलो नाही. मी विज्ञानाचा पदवीधर होतो. हा आजार ताटवाटीतून, पाण्यातून, शेजारी बसण्यातून होत नाही हे मला पक्कं माहीत होतं. गेलेल्या पाचांना मी ते लेक्चर देऊन सांगितलंही होतं. पण संध्याकाळी ताट पुढे आलं की पहिला विचार यायचा, हे सकाळी कुणाचं होतं? आणि मी अर्ध्या ताटावरून उठायचो. मला स्वतःची लाज वाटत होती. लाज वाटत असतानाही मी खोपोलीच्या बाजारात गेलो आणि स्टीलचं नवं ताट, दोन वाट्या आणि पेला घेतला. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, तसं माझं नाव चारही भांड्यांवर घालून घेतलं. त्या मशीनचा घुर्र आवाज अजून माझ्या कानात आहे.

मावशींना म्हणालो, "आईनं पाठवलीत. नोकरीला पाच वर्षं झाली म्हणून. यातच वाढत जा."

मावशींनी ताट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, एकेक अक्षर लावत माझं नाव वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा. मग म्हणाल्या, "बेस हाय." आणि त्या रात्रीपासून मला माझ्याच ताटात वाढू लागल्या. मी पोटभर जेवू लागलो.

आठ दिवसांनी त्यांनी खानावळीतली सगळी ताटं पोत्यात भरली आणि सहा सीटर रिक्षात घालून खोपोलीला नेली. परत आल्या तेव्हा प्रत्येक ताटावर नाव होतं. माझ्याखेरीज उरलेल्या सहा मेंबरांचं, भाकऱ्या करणाऱ्या बाईचं, स्वतःचं. सर्वात वरती दोन छोटी ताटं, चंदाचं आणि तिच्या भावाचं. "मेंबराचं नाव ताटावर पायजे," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "केमिसनं बरी रीत दावली." मी हसलो. मला वाटलं, त्यांना काही कळलं नाही.

मग तीच रीत झाली. नवं मूल आलं की दवाखान्याच्या फायलीच्याही आधी त्याचं ताट यायचं. पोरांना त्याचा भारी अभिमान. चंदा अक्षरं शिकली ती पाटीवर नाही, ताटावर. पाहुणे आले की ती स्वतःचं ताट पोटाशी धरून दाखवायची आणि म्हणायची, "मी पयली मेंबर." तिचा भाऊ लगेच म्हणायचा, "आनी मी दुसरा." दोन वर्षांत बाकीचे कामगार मेंबर पांगले, खानावळ बंद झाली, आणि मावशींनी आपल्या भावाच्या वाडीतलं खालापूरजवळचं कौलारू घर मागून घेतलं. पोरं तिकडे गेली. मी तोवर लग्न करून बिऱ्हाड केलं होतं, पण रविवारी जेवायला तिकडे जायचो. माझं ताट तिकडेच होतं. भीती केव्हा गेली ते मला सांगता येणार नाही. एका रविवारी लक्षात आलं की घाईत मी कुणा दुसऱ्याच्याच ताटात जेवून उठलो आहे.

संस्था जरा माहीत झाल्यावर शहरातून मंडळी येऊ लागली. त्यांच्याशी मावशींचं वागणं हा आमच्या कमिटीचा कायमचा घोर होता. फोटो काढायला मनाई, कारण "खाताना फोटू काढला का अंगाला लागत नाय." भाषण करायचं तर जेवल्यावर, आणि जेवल्यावर मावशी स्वतः झोपायला जात. एक साहेब स्वतःचा वाढदिवस साजरा करायला मोठा केक घेऊन आले. मावशींनी तो पंगतीत वाढला, भाताच्या शेजारी, वांग्याच्या भाजीच्या जागी, कारण त्या दिवशी भाजी केलेली नव्हती. साहेबांनाही तसाच वाढला आणि समोर उभ्या राहिल्या. साहेबांनी वरणभात आणि केक निमूटपणे संपवला. पुढच्या वर्षी त्यांनी दोन पोती तांदूळ पाठवले आणि स्वतः आले नाहीत. मावशी म्हणाल्या, "शिकला."

मावशी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. हसवणाऱ्या गोष्टी सांगितल्या की लोकांना त्या आवडतात. मला मात्र त्यांची आठवण येते ती एका दुपारची.

मुलं ठेवायची तर रीतसर परवाना लागतो. आमच्याकडे ट्रस्टचा कागद होता, परवाना नव्हता. मी तीन वेळा अर्ज लिहिला होता, तीन वेळा काहीतरी कमी पडलं होतं. शेवटी जिल्ह्याहून एक अधिकारी तपासणीला येणार असं पत्र आलं. परवाना मिळाला नाही तर चौदाही मुलं दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत हलवली जाणार होती. मुलींची संस्था एका जिल्ह्यात होती, मुलांची दुसऱ्या. म्हणजे चंदा एकीकडे आणि तिचा भाऊ दुसरीकडे. चंदा तेव्हा चौदा वर्षांची. तिला हे कळलं होतं. त्या आठवड्यात भावाची शाळेची पिशवी रोज तीच भरत होती.

अधिकारी दुपारी आले. मध्यम वयाचे, थकलेले, सरळ गृहस्थ. मावशींनी आधी जेवायला बसवलं. पाहुण्याचं वेगळं ताट आमच्याकडे नव्हतं. दवाखान्यात असलेल्या एका मुलाचं ताट त्यांना मिळालं. ते मुकाट जेवले, भात दोनदा मागितला. मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मलाही धीर आला.

हात धुऊन ते स्वयंपाकघरात गेले. तिथं फडताळाच्या खालच्या फळीवर मुलांची ताटं होती, लहान पोरांचा हात पोचावा म्हणून. वरच्या फळीवर मोठ्यांची. अधिकाऱ्यांनी खालचं एक ताट उचललं, नाव वाचलं. दुसरं उचललं. मग तिसरं. त्यांचा चेहरा बदलला.

"मुलांची भांडी वेगळी ठेवता तुम्ही?"

"वेगळी कुटं?" मावशी म्हणाल्या. "ज्याची त्याची हायती. आमची बी हायती नावाची, ती काय वर."

"बाई, मी हे पुष्कळ ठिकाणी पाहिलंय," ते शांतपणे म्हणाले. "वेगळी फळी, नाव घातलेलं ताट. नाव घातलं की ताट बदलत नाही. बदलू नये असं कुणालातरी वाटतं म्हणून नाव घालतात. आजाराच्या मुलांबाबत हे चालत नाही. हा भेदभाव होतो. मला हे लिहावं लागेल."

"लिवा की. पन आमच्यात कोन भेत नाय."

"मग ही पद्धत कुणी काढली?"

मी फडताळाला टेकून उभा होतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच," त्या म्हणाल्या. "खानावळीवाली बाई मी. मला हौस."

अधिकाऱ्यांनी पेन काढलं. 'संचालिकेने स्वतः', एवढे शब्द त्यांनी लिहिलेले मला दिसले. पुढे काय येणार ते मला कळत होतं आणि त्यामुळे काय जाणार तेही.

"साहेब, पहिलं नाव माझं आहे," मी म्हणालो. "मुलं आली तेव्हा मी घाबरलो होतो. मला त्यांच्या ताटात जेवायचं नव्हतं. मी माझं ताट वेगळं करून आणलं, आईनं पाठवलं असं खोटं सांगून. यांनी नंतर सगळ्यांच्या ताटांवर नावं घातली. मुलांची ताटं कधीच वेगळी केली नाहीत. वेगळं होतं ते माझं."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "तुम्ही केमिस्ट ना?"

"हो."

"हे लेखी द्याल?"

मी तिथेच ओट्यावर कागद ठेवून लिहून दिलं. सही केली. मान वर केली तेव्हा दारात चंदा उभी होती, पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन. ती केव्हापासून उभी होती ते मला माहीत नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि ती गेली.

अधिकारी निघून गेल्यावर मला वाटलं होतं, मावशी निदान पाठ थोपटतील. त्या डाव घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुला कुनी सांगितलं व्हतं बोलायला?"

"मावशी, परवाना..."

"परवाना गेला खड्ड्यात. मी म्हनले ना मीच म्हनून. माजं काय जानार व्हतं? पोर दारात हुबी." मग आवाज खाली आला. "मला काय ठाव नव्हतं का रं? कुनाची आई पाच वर्सांनी ताट धाडते? एकाच्या ताटावर नाव असलं का ते दिसतं. सगळ्यांच्या ताटावर असलं का दिसत नाय. म्हनून गेले व्हते खोपोलीला. नऊ वर्सं दिसलं नाय कुनाला. आज तू दावलंस."

मी खरं बोललो होतो आणि त्यांनी नऊ वर्षं ज्यावर पांघरूण घातलं होतं ते त्याच तोंडानं ओढून काढलं होतं. मावशींचं खोटं तसंच राहू दिलं असतं तर परवाना गेला असता, हे मला आजही पटतं. तरी त्या दुपारी त्यांच्यासमोर उभं राहताना मला आपण शहाणपणा केला असं एक क्षणही वाटलं नाही.

महिन्याभरानं परवाना आला. अहवालाला माझा कागद जोडलेला आहे. चौदाही मुलं राहिली, भावंडं एका घरात राहिली. मावशींनी त्या दिवशी खीर केली आणि मला निरोप धाडला, पण निरोपात 'केमिस' नव्हतं, नुसतं "सचिवाला सांगा" असं होतं.

रविवार होता. मला जायची अजिबात इच्छा नव्हती, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. पंगत बसली. माझ्यासमोर माझं ताट आलं. चंदा भात वाढत होती. इतरांना वाढत वाढत ती माझ्यापाशी आली आणि थांबली.

"काका, तवा तुमी मला भ्यायचा?"

मावशी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. खीर ढवळणारा त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

"हो," मी म्हणालो.

"भावाला पन?"

"त्यालाही."

तिनं भाताचा डाव माझ्या ताटात नीट उपडा केला, वर वरण घातलं, थोडं सांडलं ते बोटानं निपटून घेतलं. मग पुढच्या ताटाकडे सरकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पाच वर्सांची व्हते, काका. आनी तो तीन वर्सांचा."